घामाचा जमाखर्च

देव आहे की नाही, ह्या प्रश्नाचा निकाल माणसाला आयुष्यभर लांबणीवर टाकता येतो. आत्मा अमर आहे की नाही, हे तर यथावकाश आपोआपच कळायचं आहे. पण पर्सनल ट्रेनर ठेवावा की नाही, ह्या प्रश्नाला मुदत असते. कारण सवलत महिनाअखेरीपर्यंतच असते. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात एवढी घाई दुसऱ्या कुठल्याही प्रश्नाने केली नसेल.

तुम्ही म्हणाल, ह्यात तत्त्वज्ञान कसलं आलंय? खिशात पैसे असतील तर ठेवावा, नसतील तर गच्चीवर येरझारा घालाव्यात. बँकेच्या काउंटरमागे बसणाऱ्या माणसाला प्रथमदर्शनी असंच वाटतं. पण एकदा कागद घेऊन जमेची बाजू आणि नावेची बाजू अशा दोन बाजू आखल्या की लक्षात येतं, जमेच्या बाजूला नेमकं काय लिहायचं हेच आपल्याला ठाऊक नाही.

नावेची बाजू सोपी आहे. आमच्या उपनगरात जिमची वर्गणी वेगळी आणि ट्रेनरचे महिना ८,००० रुपये वेगळे. आठवड्यातून तीन दिवस, म्हणजे महिन्याचे बारा तास. तासाला ६६६ रुपये ६७ पैसे पडले. (पैसे लिहिले नाहीत तर बी.कॉम. झालेल्या माणसाला रात्री झोप लागत नाही.) ह्या एका तासात ट्रेनर काय करतो, हे मी काचेबाहेर उभं राहून पाहिलं आहे. तो मोजतो. एक, दोन, तीन असं करत दहापर्यंत येतो, मग "लास्ट टू, सर!" म्हणतो आणि त्यानंतर पाच मोजतो. आमच्या कॅशिअरने असं मोजलं तर त्याची संध्याकाळपर्यंत चौकशी लागेल. शिवाय नुसत्या मोजण्याचेच पैसे असतील तर तो व्यवहार मला उलट्या दिशेने परिचयाचा आहे. मी मोजतो आणि पगारही मलाच मिळतो.

तेव्हा प्रश्न असा, की ६६६ रुपये ६७ पैशांना आपण विकत काय घेतो?

ज्ञान? ज्ञान तर फुकट आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार करण्यासाठी हयात वेचली. स्वतः घातले, प्रजेकडून घालून घेतले, त्यावर पुस्तकं लिहिली. एक राजा स्वतः सांगतो आहे, सूर्य रोज वेळेवर हजर आहे आणि दोघांपैकी कोणीही फी मागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली सांगून ठेवलं आहे, की प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असा मध्यम व्यायाम करावा आणि निदान दोन दिवस स्नायूंना वजनाचं काम द्यावं. १५० मिनिटं म्हणजे अडीच तास. आठवड्याचे तास १६८. टक्केवारी काढली तर दीडलाही किंचित कमी भरते. एवढ्या कमी टक्क्यांत सुटका करणारा सावकार आमच्या धंद्यात कोणी पाहिलेला नाही.

म्हणजे काय करायचं ते ठाऊक आहे, का करायचं ते ठाऊक आहे, वेळही आहे, आणि तरीही सकाळी साडेपाचला गजर वाजला की हात सूर्याकडे न जाता मोबाइलकडे जातो. ही अडचण नवी नाही. धर्म काय ते मला कळतं पण माझ्याच्याने होत नाही, अधर्म कळतो पण सुटत नाही, अशी तक्रार दुर्योधनाच्या तोंडी घालण्याची आपल्याकडे जुनी प्रथा आहे. गदायुद्धासाठी प्रत्यक्ष बलराम शिकवायला असलेल्या माणसाची ही कथा! ग्रीकांनाही हे दुखणं माहीत होतं. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथाचा सातवा भाग बऱ्याच अंशी ह्याच विषयाला दिला आहे, की चांगलं काय ते कळत असूनही माणूस भलतंच का करतो. त्याने गोड खाण्याचाच दाखला घेतला आहे, हे वाचून मला अथेन्स एकदम आमच्या कॅन्टीनच्या शेजारी आल्यासारखं वाटलं.

आता ह्या दुखण्याचा पैशातला हिशेब. तो अमेरिकेत कोणीतरी केलेला आहे. डेलाविन्या आणि माल्मेंडिअर ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांचा २००६ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याचं नावच 'जिमला न जाण्याचे पैसे' अशा अर्थाचं आहे. तीन जिमच्या सभासदांच्या हजेरीच्या नोंदी त्यांनी तपासल्या. महिन्याला सत्तर डॉलरच्या वर वर्गणी भरणारी माणसं महिन्यातून सरासरी चार-साडेचार वेळा उगवत होती. म्हणजे एका खेपेला सतरा डॉलरच्या वर. त्याच जिममध्ये दहा खेपांचा पास घेतला असता तर खेप दहा डॉलरला पडत होती. ही काही बेहिशेबी माणसं नव्हती. पण वर्गणी भरताना प्रत्येकाने जो माणूस जिमला जाणार म्हणून गृहीत धरला होता, तो दुसराच कोणीतरी होता. त्याचा पत्ता चुकीचा निघाला.

ट्रेनर नेमका इथे लागतो. वर्गणी घेणारी जिम तुमची वाट पाहत नाही. तुम्ही न गेलात तर तिचा फायदाच आहे, यंत्रं कमी झिजतात. ट्रेनर मात्र वाट पाहतो. सहा वाजून पाच मिनिटांनी त्याचा फोन येतो, "सर, कुठपर्यंत आलात?" आणि पलंगापर्यंतसुद्धा न आलेला माणूस "हा काय, कोपऱ्यावर आहे" असं सांगून खरोखरच कोपऱ्यावर पोचतो. एका खोट्यामुळे माणूस सन्मार्गाला लागल्याची अशी उदाहरणं फार नाहीत.

हा धंदा आम्हा बँकवाल्यांना अनोळखी नाही. उडुपीच्या एका बँकेने, म्हणजे पुढे जी सिंडिकेट बँक झाली आणि २०२० साली कॅनरा बँकेत विलीन झाली तिने, १९२८ साली पिग्मी ठेव नावाची योजना काढली. एजंट रोज दारात यायचा आणि अगदी दोन आण्यांपासून पैसे गोळा करायचा. आजही आपल्याकडे गावोगावच्या पतसंस्थांचे पिग्मी एजंट पानाच्या ठेल्यापासून कापडाच्या दुकानापर्यंत रोज फिरतात. आता पाहा, पैसे तुमचे, खातं तुमचं, शिल्लकही तुमचीच. एजंट स्वतःचं काहीच घालत नाही. तो फक्त रोज येतो. त्याच्या कमिशनपायी ठेवीदाराला व्याज कमी मिळतं आणि तरी ठेवीदार खूश असतो. कारण त्याला स्वतःचा स्वभाव ठाऊक असतो. एजंट आला नाही तर ते पैसे संध्याकाळपर्यंत कुठे जातील, हेही ठाऊक असतं. व्याजाचा दर कमी, पण मुद्दल उरतं. ट्रेनर म्हणजे घामाचा पिग्मी एजंट. तुमचाच घाम, तुमच्याकडूनच रोज थोडा थोडा वसूल करून तुमच्याच नावे जमा करणारा.

फरक एवढाच, की हे खातं फार विचित्र आहे. ह्यात मुदत ठेव नाही. चाळिशीपर्यंतच्या पुण्याईवर साठीत व्याज खावं म्हटलं तर शिल्लक शून्य. इथे नॉमिनीचीही सोय नाही. बापाने मारलेल्या जोर-बैठका मुलाच्या नावे वर्ग होत नाहीत. उलट घसारा मात्र नियमित. तिशीनंतर हातपाय हलवले नाहीत तर दर दहा वर्षांना साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात, असं डॉक्टर सांगतात, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. कॉमर्सला असताना घसाऱ्याच्या दोन पद्धती घोकल्या होत्या. शरीर ह्या मालमत्तेची तिसरी पद्धत आमच्या प्राध्यापकांनी शिकवली नाही. बहुधा ते स्वतः तिचं प्रात्यक्षिक होते.

आता खरा आक्षेप. मंडळी म्हणतात, भाडोत्री शिस्त ती काय शिस्त? दुसऱ्याने धाक घातला म्हणून केलेल्या व्यायामाचं पुण्य कोणाला? मोठा चोख प्रश्न आहे. पण मग आपली कुठली शिस्त स्वयंभू आहे, ते पाहिलं पाहिजे. मॅट्रिकच्या परीक्षेला पहाटे चारला उठवणारी आई होती. कामावर वेळेत पोचवणारं मस्टर आहे. आवर्ती ठेवीचा हप्ता पगाराच्या दिवशी आपोआप कापून जातो, म्हणून पोरांच्या शिक्षणाला पैसे असतात. ग्रीक पुराणातला ओडिसिअस एवढा शूर, पण जलपऱ्यांचं गाणं ऐकून आपण बहकणार हे ओळखून त्याने आधीच स्वतःला जहाजाच्या डोलकाठीला बांधून घेतलं. बांधून घेणारा दुबळा म्हणायचा की शहाणा? माझ्या मते, आपण कुठे ढासळतो हे ओळखून तिथे आधीच टेकू लावून ठेवणं, हीही इच्छाशक्तीच. फक्त ती साडेपाचला न वापरता आदल्या दिवशी संध्याकाळी, चहा घेऊन, शुद्धीवर असताना वापरायची.

मात्र टेकू आणि भिंत ह्यांत घोळ होऊ देऊ नये. आई पहाटे उठवायची ती मॅट्रिकपुरती. पन्नाशीतही आईच उठवत असेल तर त्याला संस्कार म्हणत नाहीत. आणि इथेच ट्रेनरच्या धंद्यातली गोम आहे. चांगल्या शिक्षकाने शिष्याला आपली गरज उरू देऊ नये. पण ज्या शिक्षकाला महिन्याच्या महिन्याला पैसे मिळतात, त्याने स्वतःला अनावश्यक कसं आणि का करावं? डॉक्टरला नोंदणी लागते, वकिलाला सनद लागते. ट्रेनर म्हणून उभं राहायला मात्र दंड चांगले असले की बहुतेक ठिकाणी भागतं. तेव्हा त्याने कुठला अभ्यासक्रम केला आहे, पाठीची गादी सरकलेल्या माणसाला तो काय करू देणार नाही, हे विचारायला लाजू नये. "काय करायचं" हे कोणीही सांगतो. "हे तुम्ही करू नका, सर" हे ज्याला सांगता येतं, त्यालाच येतं.

तालमीत हा प्रश्न नव्हता. कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमीतला वस्ताद काही तासावर मिळत नाही. पोरगं तिथे राहतं, हौद्यातली ताक, लिंबू, हळद आणि तेल घातलेली तांबडी माती उकरतं, आणि वस्तादाच्या शब्दाबाहेर जात नाही. वस्ताद पोराचा मालक असतो, आणि आमच्या जिममध्ये गिऱ्हाईक ट्रेनरचं मालक असतं. "सर, अजून एक" असं विनवावं लागणाऱ्या माणसाला गुरू म्हणणं जड जातं. पण म्हणून जुन्या पद्धतीच्या नावाने फार गळा काढण्यातही अर्थ नाही. एकलव्याने फी ठरवली नव्हती, शिकवणीही घेतली नव्हती, नुसता मातीचा पुतळा ठेवून शिकला. आणि बिल आलं ते अंगठ्याचं. व्यवहारातल्या माणसाला ह्या कथेतून एकच बोध होतो : गुरुदक्षिणा आधी आकड्यात ठरवून घ्यावी.

इथपर्यंत माझा हिशेब ठीक चालला होता. तो अडला तो आमच्या मावशींपाशी.

मावशी आमच्याकडे केर-फरशी आणि भांडी करतात. अशी पाच घरं. त्या वाकून केर काढतात, उकिडव्या बसून फरशी पुसतात, बादली उचलून न्हाणीघरात नेतात. ट्रेनर मंडळी ह्यालाच स्क्वॉट, लंज आणि डेडलिफ्ट म्हणतात आणि प्रत्येकाचे तीन-तीन सेट सांगतात. म्हणजे आधी आपल्याऐवजी वाकायला एक बाई ठेवायची आणि मग आपल्याला वाकवायला एक माणूस ठेवायचा! बरं, मावशींना आम्ही महिन्याला देतो ती रक्कम ट्रेनरच्या तीन तासांएवढी. वाकण्याचा भाव एवढा आणि वाकवण्याचा तेवढा. हा आकडा कागदावर उमटला आणि माझं पेन थांबलं.

ह्यावर सोपं उत्तर असं, की मावशींना सुट्टी द्यावी आणि फरशी आपण पुसावी. पैसे वाचतील, पोटही जाईल. पण मावशींची चूल त्या फरशीवर पेटते. माझ्या पोटाच्या घेरापायी त्यांचं पोट मारण्याला व्यायाम म्हणता येणार नाही. दुसरं उत्तर असं, की ट्रेनरच ठेवू नये. पण त्याने मावशींचा पगार एका पैशाने वाढत नाही. फक्त माझी टोचणी कमी होते, आणि टोचणी कमी झाल्याने वजन कमी होत नाही. शिवाय तो ट्रेनरही कोणी संस्थानिक नव्हे. पहाटे साडेचारला उठून लोकलने येणारा, दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये जिन्यात उभं राहून डब्यातली उकडलेली अंडी खाणारा चोविशीतला मुलगा तो. फीमधला मोठा वाटा जिमवाला ठेवून घेतो. आणि शरीर हीच ज्याची पाटी, त्याने पन्नाशीत काय करायचं, हा प्रश्न त्याला विचारायचं धाडस मला झालं नाही.

मग स्वतःवर एवढा खर्च करण्याचा अधिकार कुठून आणायचा? तो मला नोव्हेंबर महिन्याने दिला. नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला बँकेत येतात. २०१४ सालापासून ही सोय घरबसल्याही होते, पण आमच्या शाखेत अजून रांग लागते. कारण आपण जिवंत असल्याचं यंत्राला सांगण्यापेक्षा माणसाला सांगणं बरं वाटतं. मी पलीकडे बसून पाहत असतो. बाकावर बसलेल्यांचा नंबर पुकारला की दोन तऱ्हा दिसतात. काही जण उठतात. काहींना उठवावं लागतं. वयाचा फरक असतोच असं नाही. ऐंशीच्या आजी ताडकन उभ्या राहतात आणि अडुसष्टचे गृहस्थ दोन्ही हात मुलाच्या खांद्यावर टाकतात. दुखण्यापुढे इलाज नसतो, ते सोडा. पण त्या मुलाच्या तोंडाकडे पाहिलं की कळतं, त्याने आजची रजा टाकली आहे आणि हे त्याचं ह्या महिन्यातलं पहिलं खाडं नाही.

तेव्हा मला वाटतं, चाळिशीनंतरचा व्यायाम ही स्वतःवरची चैन नसून दुसऱ्याच्या नावे पडणाऱ्या खर्चाची आगाऊ तरतूद आहे. आपण आज वाकलो नाही तर पुढे आपल्याला उठवायला कोणाला तरी वाकावं लागेल. कदाचित एखाद्या मावशींनाच, आणि तेव्हाही बहुधा कमी पगारात.

एवढं लक्षात आल्यावर निकाल कठीण राहिला नाही. हिशेबशास्त्रात खर्च दोन जातींचे असतात, भांडवली आणि महसुली. एकदा करून वर्षानुवर्षं उपयोगी पडतो तो भांडवली. चहासारखा आज करून उद्या पुन्हा करावा लागतो तो महसुली. ट्रेनर दहा मोजायला ठेवला तर तो महसुली खर्च, आणि महसुली ट्रेनर परवडायला माणूस सिनेनट पाहिजे. पण गुडघा कुठे यावा, पाठ कशी ठेवावी, श्वास केव्हा सोडावा, वजन कितीने आणि कधी वाढवावं, हे शिकायला ठेवला तर तो भांडवली. त्याला मुदत हवी. तीन महिने पुरे. ज्याचा स्वभावच पिग्मीचा, त्याने पुढे आठवड्यातून एक दिवस चालू ठेवावा. स्वतःची फसवणूक करण्यापेक्षा कमिशन स्वस्त. आणि तीन महिन्यांनी "सर, आता तुमचं तुम्हाला जमेल" असं जो स्वतःहून म्हणेल, त्याला मुद्दाम बोलावून पेढे द्यावेत. तो वस्तादाच्या जातीचा.

एक पोटकलम मात्र आहे. ट्रेनरचा पहिला हप्ता देण्याआधी मावशींचा पगार वाढवायचा. त्यातून खर्च वाढला तर ट्रेनरचे दिवस कमी करायचे, पगारवाढ नाही.

हे सगळं नीट मांडून मी सौ.ला वाचून दाखवलं. मावशींचं कलम तिने ताबडतोब मंजूर केलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे ते गेल्या दिवाळीपासून तिच्या डोक्यात होतं. मग मी म्हटलं, "ट्रेनरचा खर्च घरच्या वहीत कुठल्या सदराखाली टाकूया? दुरुस्ती आणि देखभाल?"

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि म्हणाली, "अहो, पहिले तीन महिने करमणूक म्हणून टाका. पुढचं पुढे बघू."